पपी पॅड, खोटं गवत, खरी हरळी: आमच्या खारीचा चार महिन्यांचा हिशोब

मी सोसायट्यांचे हिशोब लिहिते. त्यामुळे घरात कुत्रीचं पिल्लू आलं तेव्हा बाकीचे तिला मांडीवर घ्यायला धावले आणि मी जुन्या डायरीची उरलेली पानं काढून रकाने आखले: वेळ, शू, शी, कुठे, खर्च. त्या डायरीच्या जोरावर हे लिहिते आहे. ज्यांच्या घरी नवीन पिल्लू आलंय आणि जे रात्री दोन वाजता मोबाइलवर पॅड मागवायला निघालेत, त्यांनी थोडं थांबून वाचावं.

आधी परिस्थिती. डोंबिवली पूर्व, जुनी बिल्डिंग, चौथा मजला, लिफ्ट नाही. घरात मी, नवरा, धाकटी मुलगी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. २०२५ चा पाऊस आठवत असेलच, २६ मेलाच मुंबईत येऊन बसला होता. त्यानंतर चार दिवसांनी धाकटीने पार्किंगमधून एक ओलं गाठोडं ओढणीत गुंडाळून आणलं. सात आठवड्यांची असावी असं प्राण्यांच्या डॉक्टरांनी दात बघून सांगितलं. अस्सल गावठी, रंग भाजलेल्या खारी बिस्किटाचा, म्हणून खारी. डॉक्टरांनी दुसरी गोष्ट सांगितली ती जास्त महत्त्वाची: लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांची होईपर्यंत, जिथे बाकीची कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडायची नाही. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणजे जून आणि जुलै, सगळा कारभार घरातच. आली का पंचाईत!

पॅड, म्हणजे पिल्लाने शू-शी करावी म्हणून लादीवर अंथरायचा चौकोन. पन्नासचं पाकीट, ६० बाय ६० सेंटीमीटर, १,०५० रुपये, म्हणजे नग २१ रुपयांना. वरचा थर पातळ कापडासारखा, मध्ये कापसासारखा लगदा आणि पाणी शोषणारी पावडर, खाली प्लॅस्टिक. लहान मुलांचा डायपर उलगडून सपाट केला की जे होईल ते. शोषून घेण्याच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. खारीची शू अर्ध्या मिनिटात आत जायची, वरून हात लावला तर जवळजवळ कोरडं. वासही फार नाही. पहिल्या आठवड्यात मी खूश होते. सहा पॅड रोजचे, म्हणजे दिवसाला १२६ रुपये, हे डायरीत दिसत होतं, पण म्हटलं पाऊस आहे, बाळ आहे.

दुसऱ्या आठवड्यात खारीने दारातल्या पायपुसण्यावर शू केली. मग बाथरूमच्या बाहेरच्या पायपुसण्यावर. मग सासूबाईंच्या गोधडीच्या खाली लोंबणाऱ्या कोपऱ्यावर. पॅडवरही करत होती, नाही असं नाही. मला वाटलं, विसरते आहे. मग एका दुपारी डायरी पुढे घेऊन "कुठे" हा रकाना वरून खाली वाचला आणि डोक्यात प्रकाश पडला: लादीवर एकदाही नाही! जिथे केली ते सगळं मऊ, कापडी आणि शोषणारं. ती काही विसरत नव्हती, शिकवलेलंच करत होती. पिल्लं जागा जितकी लक्षात ठेवतात, तितकाच पायाखालचा पोतही लक्षात ठेवतात. आम्ही २१ रुपये दर मोजून तिला शिकवत होतो की कापडावर करायची असते. पाकिटावरच्या चित्रात गोंडस पिल्लू पॅडवर बसलेलं असतं, शेजारी पायपुसणं दाखवत नाहीत.

घरातली सगळी पायपुसणी त्या दिवशी माळ्यावर गेली. महिनाभर सगळे ओले पाय घेऊन घरात फिरलो.

पॅडचा दुसरा घोळ झाला आषाढी एकादशीला, ६ जुलैला. स्वयंपाकघरात साबुदाणा भिजलेला, सासूबाई दाण्याचं कूट करत होत्या. मी हॉलमध्ये आले तर लादीवर साबुदाणा! क्षणभर खरंच कळेना की पातेलं इथे कसं सांडलं. खारीने वापरलेला पॅड फाडला होता आणि आतली पावडर फुगून पारदर्शक मोत्यांसारखी पसरली होती. ती पावडर पोटात गेली तर फुगून अडकू शकते. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तोंड पुसून काढायला, उलटी होते का आणि खाणं-शी नीट आहे का यावर लक्ष ठेवायला सांगितलं. काही झालं नाही, पण उपास मला कडकच घडला. त्या दिवशी साबुदाण्याकडे बघवेना. पॅड चावणारं पिल्लू असेल तर कडा पकडणाऱ्या चौकटीशिवाय पॅड आणूच नका.

आणि कचरा. घंटागाडीवरच्या बाईंनी विचारलं, हे ओल्यात टाकू की सुक्यात? मलाही कळेना. शेवटी डायपरसारखं कागदात गुंडाळून वेगळं द्यायला लागले. रोजची सहा पुडकी, शेजारी काय समजत असतील देव जाणे.

पॅडला पाचपैकी अडीच. प्रवासाला, आजारपणात, म्हाताऱ्या कुत्र्याला उत्तम. शिकवणीला नाही.

धुण्याचे पॅड. दोन नग, ६५० रुपये. डोंबिवलीत जुलैमध्ये ज्यांचे टॉवेल वाळतात त्यांनी घ्यावेत.

"इथे कर" स्प्रे. २९९ रुपये, छोटी बाटली. पॅडवर मारला की पिल्लू आपोआप तिथे जातं, असा दावा. खारी गेली. तिने हुंगलं, शिंकली, गोल फिरली आणि त्यावर झोपली. पुढचे चार दिवस हेच. फुकटचा उपाय असा: तिचीच शू टिपलेला कागदाचा बोळा नव्या जागेवर ठेवायचा. तिचा वास तिला कळतो, बाटलीतला नाही. स्प्रेला शून्य द्यायचं होतं, पण बाटली चांगली आहे, आता तीत पाणी भरून कढीपत्त्यावर मारते.

एन्झाइमचा क्लीनर. इथे जरा थांबते, कारण सगळ्या खरेदीत मनापासून शिफारस करावी अशी हीच एक वस्तू. अर्धा लिटर ४२० रुपये, तीन बाटल्या लागल्या. आमच्याकडे लादी जुनी, मोझॅकची, सांध्यांत सिमेंट. शू त्या सांध्यांत मुरते. आपण फिनेल मारतो, आपल्याला फिनेलचा वास येतो, आपण समाधानी. कुत्रीला त्या फिनेलखालूनही आपली सही दिसत असते, मग ती परत तिथेच. शूमधलं वास धरून ठेवणारं जे असतं ते साध्या पाण्याने आणि साबणाने नीट जात नाही, ही एन्झाइमं ते तोडतात. अमोनिया असलेलं काही वापरलं तर उलटंच, तो वास तिला शूसारखाच वाटतो. वापरायची पद्धत मात्र बाटलीवर बारीक अक्षरात असते आणि तीच सगळ्यात महत्त्वाची: आधी फिनेल किंवा जंतुनाशक मारायचं नाही, डाग टिपून घ्यायचा, भरपूर ओतायचं आणि दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्यायचं. आमच्या कामवाल्या मावशी पहिले काही दिवस ओतून लगेच पुसायच्या. त्यांची चूक नाही, आयुष्यभर तसंच पुसलंय. वेळ लावायला सुरुवात केली आणि आठवड्यात सोफ्यामागची जागा सुटली.

सोबत १८० रुपयांचा यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, टॉर्चही घेतला. रात्री दिवे घालवून मारला की जुने डाग पिवळट चमकतात. सासूबाईंना वाटलं लाइट गेले, त्या मेणबत्ती शोधायला उठल्या. सोफ्यामागे, टीव्हीच्या खाली, कपाटाच्या फटीशी, एकूण नऊ ठिकाणं निघाली. सगळ्यात मोठा डाग देवघरासमोर! मी हबकले. सासूबाईंना न सांगता रात्री साडेअकराला पाव बाटली ओतली, पंधरा मिनिटं घड्याळ लावून बसले, घासलं, तरी डाग तसाच लखलखीत. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, ती हळद होती. हळदही त्या उजेडात चमकते. मराठी घरात हा टॉर्च वापरणाऱ्यांनी आधी देवघर आणि ओटा हिशोबातून वगळावा.

क्लीनरला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण वासाचा कापला. लिंबाचा म्हणतात, पण हे लिंबू कोणत्या झाडाचं कोण जाणे.

गवताचा ट्रे. १,८५० रुपये. वर प्लॅस्टिकचं गवत, मध्ये जाळी, खाली ओढून काढायचा ड्रॉवर. कल्पना बरोबर आहे, कारण पायाखाली कापड लागत नाही, गवत लागतं, आणि शेवटी तिला बाहेर गवतावरच करायची आहे. खारी दोन दिवसांत शिकली. कुत्री असल्याने खाली बसते, म्हणून ट्रे पुरतो. कुत्रा मोठा होऊन पाय वर करायला लागला की शेजारच्या भिंतीचं काय ते आपलं आपण बघा.

त्रास दोन. प्लॅस्टिकचं गवत रोज धुतलं नाही तर तिसऱ्या दिवशी गॅलरीत उभं राहवत नाही. आणि ड्रॉवर. तो ओढताना पुढची कड इतकी बुटकी की जरा जोर लागला तर सगळं आपल्या पायांवर. विकणाऱ्याला फोटो पाठवले. "हळू ओढा" असं उत्तर आलं.

मग आमच्या वॉचमन काकांनी एक गोष्ट सुचवली. बिल्डिंगच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ हरळी माजली होती, तिथे कुत्री येत नाहीत कारण कुंपण आहे. तिथून मातीसकट दोन तुकडे कापून दिले. मी प्लॅस्टिकचं गवत काढलं, जाळीवर गोणपाट अंथरलं, त्यावर हरळी. खर्च शून्य. वास जवळजवळ नाही, माती ओढून घेते. शूने गवत आठ-दहा दिवसांत पिवळं पडतं, म्हणून दुसरा तुकडा बाजूला राखीव ठेवायचा आणि आलटून पालटून वापरायचा. १२ जुलैपासून डायरीत "कुठे" च्या रकान्यात ओळीने "गॅलरी, गॅलरी, गॅलरी" दिसतं. ऑगस्टमध्ये खाली न्यायला लागलो, तेव्हा तिने हुंगलं आणि पहिल्याच दिवशी गवतावर बसली. शेजारच्या विंगमधल्या लॅब्रॅडॉरला पॅडची सवय होती. तो अर्धा तास फिरून घरी येऊन गालिच्यावर करायचा, अशी त्याच्या मालकांची रड होती.

याचं सगळं श्रेय ट्रेला देत नाही. वेळा पाळाव्या लागल्या. झोपून उठली की लगेच, जेवणानंतर दहा-वीस मिनिटांनी, खेळून दमली की परत. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवला की साधारण तितके तास ते रोखू शकतं, हा हिशोब आमच्याकडे बऱ्यापैकी जुळला. म्हणजे दोन महिन्यांच्या खारीला तीन तास. रात्री दोन आणि पाचचे गजर. नवऱ्याचा दोनचा, माझा पाचचा. त्याचा गजर त्याच्याशिवाय सगळ्यांना ऐकू यायचा. बरोबर जागी केली की लगेच, तिथेच, भाजलेल्या शेंगदाण्याएवढा चिकनचा तुकडा. घरात येऊन मग दिला तर तिला वाटतं, घरात आल्याचं बक्षीस आहे.

तळमजल्यावरच्या काकांनी सांगितलं होतं, चुकलं की तिथेच नाक घासायचं, दोन दिवसांत सुतासारखी सरळ होते. नवऱ्याने माझ्या अपरोक्ष एकदा तसं केलं. ती सरळ वगैरे काही झाली नाही, आमच्यासमोर करायची बंद झाली. वर सोफ्यामागचा डाग म्हणाले ना, तो त्यानंतरचा. याच काकांनी मीटिंगमध्ये कुत्रे पाळायला बंदी घाला असाही विषय काढला होता. सोसायटीला तशी बंदी घालता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे, त्याची प्रत फाइलला आहे एवढंच मी सांगितलं. हिशोब लिहिणारी बाई फाइल सांभाळते, याचा कधी कधी उपयोग होतो.

गणपतीत, २७ ऑगस्टला सकाळी, मी मोदकांच्या उकडीत अडकलेली. सासूबाई गॅलरीतून आनंदाने हाक मारतात, "अगं, दूर्वा घरातच आहेत की! बाजारातून कशाला आणतेस?" मी पोहोचेपर्यंत तीन जुड्या बांधून झाल्या होत्या. त्या राखीव तुकड्यातल्या होत्या असं मी त्यांना सांगितलं. हिशोबात एवढी सूट चालते. जुड्या मुकाट्याने कुंडीत गेल्या आणि धाकटीला पळवून स्टेशनबाहेरून वीस रुपयांच्या ताज्या आणवल्या.

एकूण खर्च: पॅडची पाच पाकिटं ५,२५०, धुण्याचे पॅड ६५०, स्प्रे २९९, क्लीनर १,२६०, टॉर्च १८०, ट्रे १,८५०. बेरीज ९,४८९ रुपये, डॉक्टर आणि लसी वेगळ्या. आज परत सुरुवात करायची झाली तर ट्रे, क्लीनर आणि हरळी एवढंच घेईन, तीन हजारांच्या आसपास भागेल. ट्रेला हरळीसकट चार, प्लॅस्टिकच्या गवतासकट तीन.

पाचव्या पाकिटातले तेहतीस पॅड उरले आहेत. हॉलच्या खिडकीतून पावसाचं पाणी भिंतीवरून उतरतं, तिथे खाली एक अंथरलाय, कालची सर पूर्ण प्यायला. खारी त्याला वळसा घालून गॅलरीत जाते. बाकीचे बत्तीस कुणाला हवे असतील तर बी विंगमध्ये येऊन घेऊन जा, फुकट. फक्त पायपुसणी आधी उचला.