सीईटीची सराव चाचणी मालिका : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

मुलीचा निकाल लागेपर्यंत या ऑनलाइन सराव चाचणी मालिकेविषयी काही लिहायचे नाही, असे मी ठरवले होते. परवा कंपनीच्या प्रतिनिधीने धाकट्या मुलासाठी तीच मालिका घ्यावी म्हणून फोन केला आणि ‘मॅडम, आमची चाचणी हुबेहूब खऱ्या परीक्षेसारखी आहे’ असे पुन्हा ऐकवले. या एका वाक्यावर विश्वास ठेवून आम्ही पैसे भरले होते आणि वर्षातला बराच काळ ते वाक्य खरे नव्हते, म्हणून हे लिहीत आहे.

एमएचटी-सीईटी, म्हणजे अभियांत्रिकी प्रवेशासाठीची राज्याची सामाईक परीक्षा, हिच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाचा आराखडा वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच. तरीही माझी मुख्य तक्रार त्यातल्या एकाच नियमाबद्दल असल्याने तो नियम आधी सांगते. पहिल्या ९० मिनिटांत भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न असतात, प्रत्येकी एका गुणाचे. ९० मिनिटे संपली की तो भाग आपोआप बंद होतो आणि पुढच्या ९० मिनिटांसाठी गणिताचे ५० प्रश्न उघडतात, प्रत्येकी दोन गुणांचे. मागे जाता येत नाही. म्हणजे पहिल्या भागात एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात, तर गणितात एका प्रश्नाला १०८. दोन्ही भागांचे गुण सारखेच, १०० आणि १००.

मे २०२४ मध्ये माझ्या मुलीचे नुकसान नेमके इथेच झाले. तिने भौतिकशास्त्रापासून सुरुवात केली, रोटेशनल डायनॅमिक्सच्या काही प्रश्नांत ती अडकली आणि पहिला भाग बंद झाला तेव्हा रसायनशास्त्राचे कितीतरी प्रश्न तिने उघडूनसुद्धा पाहिले नव्हते. त्यातले बरेचसे पाठ्यपुस्तकातल्या ओळींवरचे, सहज सुटणारे होते, हे उत्तरतालिका पाहिल्यावर कळले. इथे नागपुरातच अमरावती रोडवरच्या एलआयटीत (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत) केमिकल इंजिनिअरिंग करायचे, हे तिने अकरावीतच ठरवले होते आणि त्या पर्सेंटाइलवर ते शक्य नव्हते. तिने एक वर्ष थांबायचे ठरवले आणि आम्ही जूनमध्ये या मालिकेचे वार्षिक सदस्यत्व घेतले.

पहिली पूर्ण चाचणी दिली त्याच दिवशी तिने मला बोलावून पडदा दाखवला. तिन्ही विषय एकाच वेळी उघडे होते आणि वर १८० मिनिटांचे एकच घड्याळ चालू होते. गणितातून रसायनशास्त्रात, तिथून पुन्हा भौतिकशास्त्रात, कसेही फिरता येत होते. ज्या एका गोष्टीचा सराव तिला हवा होता, ती गोष्टच चाचणीत नव्हती. मी ग्राहक सेवेला लिहिले, तेव्हा ही विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी दिलेली लवचिकता आहे, असे उत्तर आले. पुन्हा लिहिले, तर तक्रार तांत्रिक विभागाकडे पाठवल्याचे कळवून तक्रार ‘निवारण झाले’ म्हणून बंद करण्यात आली. पैसे परत मागितले, तर मुदत उलटून गेल्याचे सांगण्यात आले. परीक्षेचा आराखडा सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. मुलांकडून पैसे घेणाऱ्या कंपनीने तो वाचलेला नसावा, किंवा वाचूनही त्याची गरज तिला वाटली नसावी, यातले काहीही मला क्षम्य वाटत नाही.

कोणी म्हणेल, घरीच ९० मिनिटांनी थांबवायचे. आम्ही तेच केले. दर रविवारी मी मोबाइलवर गजर लावून तिच्या खोलीबाहेर बसत असे आणि गजर वाजला की ती गणिताकडे वळत असे. पण बंद झालेला भाग आणि स्वतःहून सोडलेला भाग यांत फरक आहे. मागे जाता येते हे माहीत असले, की अवघड प्रश्न ‘नंतर पाहू’ म्हणून ठेवण्याची सवय जात नाही, आणि खऱ्या परीक्षेत तो ‘नंतर’ येत नाही. शिवाय पहिल्या भागात वाचलेली पाच मिनिटे गणिताला मिळतात, असा चुकीचा हिशेब मुलांच्या डोक्यात बसतो.

प्रश्नांच्या दर्जाबद्दल मात्र तक्रार नाही. अकरावीला २० टक्के आणि बारावीला ८० टक्के भार, म्हणजे प्रत्येक विषयात साधारण १० आणि ४० प्रश्न, हे प्रमाण त्यांनी नीट पाळले होते. काही चाचण्यांत चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत होते, ते जेईई या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या साच्यातून तसेच उचललेले असावे, कारण सीईटीत गुण वजा होत नाहीत. हे कळवल्यावर लगेच दुरुस्त झाले. उत्तरतालिकेत चुका होत्या आणि त्या सुधारायला आठवडे लागत. अर्थात चुका खऱ्या परीक्षेतही होतात. २७ एप्रिल २०२५ च्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांमध्ये गोंधळ निघाला आणि त्या विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा ५ मे रोजी घ्यावी लागली. मुलीचे सत्र वेगळे होते. तिथे निदान आक्षेप नोंदवण्याची सोय तरी आहे, जरी एका प्रश्नामागे १,००० रुपये भरावे लागत असले तरी.

डिसेंबरमध्ये कसलीही सूचना न देता मालिका बदलली. एका रविवारी चाचणी सुरू असताना ९० मिनिटे होताच पहिला भाग खरोखर बंद झाला आणि पडद्यावर गणित आले. त्या चाचणीत तिचे गुण घसरले आणि पुढच्या काहींतही ते घसरलेलेच राहिले. मला मात्र त्याचे समाधान वाटले, कारण जे एप्रिलमध्ये कळले असते ते डिसेंबरमध्ये कळले. तिने क्रम बदलला. आधी रसायनशास्त्र, तेही पस्तीस मिनिटांच्या आत, मग भौतिकशास्त्र, आणि शेवटची तीन मिनिटे राहिलेल्या प्रत्येक प्रश्नाला काही ना काही उत्तर देण्यासाठी. जानेवारीअखेर पहिल्या भागातले गुण पूर्वीपेक्षा वर गेले होते.

याच सुमारास ज्याकडे आम्ही तोवर फारसे लक्ष दिले नव्हते, तो प्रत्येक प्रश्नाला लागलेल्या वेळेचा तक्ता कामी आला. कोणत्या प्रश्नावर किती सेकंद गेले, उत्तर किती वेळा बदलले, बरोबर उत्तर बदलून चुकीचे केले का, हे सारे त्यात दिसते. आपण इंटिग्रेशनमध्ये कच्च्या आहोत असे तिला वाटत होते. तक्त्यात दिसले ते असे, की वेळ खरा जात होता तो व्हेक्टर्समध्ये, तर मॅथेमॅटिकल लॉजिक आणि लिनिअर प्रोग्रामिंग यांसारख्या लवकर सुटणाऱ्या प्रकरणांकडे ती शेवटी वळत होती. तिने गणिताची सुरुवात त्या प्रकरणांपासून करायला घेतली. धरमपेठेतल्या शिकवणीच्या सरांनाही हे वर्गात एवढ्या बारकाईने दाखवता आले नसते, आणि हे मी कंपनीवरचा राग बाजूला ठेवून लिहीत आहे.

मालिकेतल्या पर्सेंटाइलवर मात्र विसंबू नये. सीईटीचा पर्सेंटाइल त्याच सत्रात बसलेल्यांपैकी किती जणांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी आहेत, यावर निघतो. इथे तुलना सदस्यत्व घेतलेल्या मुलांशी होते, ती मुले वेगवेगळ्या दिवशी चाचणी देतात आणि तीच चाचणी पुन्हाही देतात. मुलीने तो आकडा पाहणे बंद केले आणि २०० पैकी मिळालेले गुण वहीत लिहायला सुरुवात केली.

एप्रिलमध्ये नागपुरात दुपारी वीज गेली, की घरचे इंटरनेट बंद पडे, अर्धी चाचणी वाया जाई आणि ती पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागे. संकेतस्थळावरची चाचणी मोबाइलवरच्या चाचणीपेक्षा बरी आहे आणि सराव संगणकावरच व्हावा, कारण परीक्षा माउसने द्यायची असते.

निकालात तिचा पर्सेंटाइल चांगला वाढला आणि कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांमध्ये तिला केमिकललाच प्रवेश मिळाला. यात बालभारतीच्या पुस्तकांचा वाटा सर्वांत मोठा आहे. ती ई-बालभारतीवर फुकट मिळतात, आणि रसायनशास्त्रासाठी त्यापलीकडे विकत काही घ्यावे असे मला वाटत नाही. मालिकेचे पैसे द्यायचेच असतील, तर ते वेळेच्या तक्त्यासाठी द्यावेत, आणि घेण्यापूर्वी मोफत चाचणीत ९० मिनिटे पूर्ण होईपर्यंत बसून पहिला भाग बंद होतो की नाही ते पाहावे. वार्षिक योजना घेऊ नये. दिवाळीपर्यंत पूर्ण पेपर देण्याइतका अभ्यासक्रम बहुतेक मुलांचा झालेला नसतो. नोव्हेंबरपासून सहा महिन्यांची योजना पुरते आणि तिला जवळपास निम्मे पैसे पडतात.