विरजण आणि यीस्ट: एकाच रांगेत बसवू नका

कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं की सकाळपर्यंत कवडी दही लागतं. कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट घातलं की दहा-पंधरा मिनिटांत फेस चढतो. दोन्ही कामं डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची, म्हणून आपण दोघांना ‘जंतू’ म्हणून मोकळे होतो. पण विरजणातले जिवाणू आणि यीस्ट नावाची बुरशी यांचं नातं फार लांबचं.

जिवाणूच्या पेशीत केंद्रक नसतं. यीस्टच्या पेशीत असतं, अगदी आपल्यासारखं, आणि ती आकारानेही कितीतरी मोठी. जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात; यीस्ट साखरेतून कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्यानेच पाव फुगतो.

बुरशी म्हणजे वनस्पतीही नव्हे. तिच्यात हरितद्रव्य नाही, आणि तिच्या पेशीभित्तिकेत खेकड्याच्या कवचातलं कायटिन असतं. झाडांपेक्षा ती प्राण्यांना जवळची!

खरा फरक कळतो तो औषधाच्या वेळी. गजकर्ण बुरशीमुळे होतं, त्यावर घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कृपया घेऊ नका. पेनिसिलिन जिवाणूंची भित्तिका बांधू देत नाही. बुरशीची भित्तिकाच निराळी. शिवाय बुरशीची पेशी आपल्या पेशीशी मिळतीजुळती, म्हणून आपल्याला धक्का न लावता तिला मारणारं औषध शोधणं जास्त कठीण. आणि 1928 मध्ये सापडलेलं हे पेनिसिलिन बनवते कोण? एक बुरशीच.