फोनची स्क्रीन लॅपटॉपवर, वायरीविना : काही महिन्यांच्या वापरानंतर

अँड्रॉइड फोन, विंडोज लॅपटॉप आणि रोजचं मिररिंग, असा माझा वापर आहे. जोडणं दोन मिनिटांचं काम. जोडलेलं टिकवणं हा खरा उद्योग. 'कनेक्शन तुटलं' एवढ्यावरून काहीच कळत नाही. ते कसं तुटतंय हे बघायला लागल्यावर निम्मा वैताग कमी झाला.

सुरुवातीला मिराकास्ट वापरलं. हे तंत्र २०१२ पासूनचं. बऱ्याच फोनमध्ये 'कास्ट' किंवा 'स्मार्ट व्ह्यू' असं जे बटण दिसतं त्यामागे हेच असतं (पिक्सेल फोनवर मात्र हे नाही). लॅपटॉपवर विंडोजच्या ऑप्शनल फीचर्समधून 'वायरलेस डिस्प्ले' टाकून घ्यावं लागतं. यात फोन राउटरला मधे न घेता वायफाय डायरेक्टने थेट लॅपटॉपला जोडला जातो. ऐकायला छान, पण लॅपटॉपचं वायफाय कार्ड एकच! राउटर एका चॅनेलवर (वायफायच्या एका ठराविक पट्टीवर) आणि फोन दुसऱ्या, मग ते बिचारं दोघांमध्ये येरझाऱ्या घालत बसतं. मागे मोठी फाइल डाउनलोड होत असली की आधी चित्राचे ठोकळे होतात, मग आवाज पुढे आणि चित्र मागे, आणि शेवटी खिडकीच बंद. लॅपटॉपला इंटरनेटसाठी लॅन केबल लावली, तेव्हा हा प्रकार जवळजवळ थांबला. फक्त वायफाय बंद करायचं नाही, राउटरचं नेटवर्क तेवढं डिस्कनेक्ट करायचं, म्हणजे कार्ड फोनसाठी मोकळं राहतं.

आता मुख्यतः एससीआरसीपीवाय (scrcpy) हा लॅपटॉपवरचा मिररिंगचा प्रोग्राम वापरतो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि लॅपटॉपच्या माऊस-कीबोर्डने फोन चालवता येतो. फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उघडून डीबगिंग (लॅपटॉपला फोनचा ताबा घेऊ देणारी सोय) चालू करावं लागतं, त्यामुळे तांत्रिक गोष्टींचा कंटाळा असणाऱ्यांना हे आवडणार नाही. वायफायवरून चालवताना पोर्ट ५५५५ (फोनमधलं जोडणीचं दार) उघडून ठेवला असेल, तर फोन रीस्टार्ट झाला की ती सेटिंग उडते आणि पुन्हा केबल लावून द्यावी लागते. राउटरने फोनला नवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला तरी जोडणी होत नाही, म्हणून राउटरमध्ये फोनचा आयपी राखून ठेवलेला बरा.

तुटण्याचं कारण शोधायला माझं आवडतं हत्यार म्हणजे पिंग, समोरचं उपकरण उत्तर देतंय का आणि किती वेळात, हे दाखवणारी कमांड. मिररिंग चालू असताना शेजारी कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडायची आणि फोनच्या आयपीवर सतत पिंग लावून ठेवायचं. एरवी ५-१० मिलिसेकंद दिसणारे आकडे चित्र अडकायच्या आधी तीनशे-चारशेवर उड्या मारायला लागले, तर दोष हवेतला, म्हणजे रेंजचा किंवा गर्दीचा. उत्तरच येणं थांबलं, तर फोन नेटवर्कवरून गेला किंवा त्याचा आयपी बदलला. आणि पिंग छान चालू, पण चित्र मात्र खटकन गेलं, तर नेटवर्कला बोल लावू नका. बहुतेक वेळा एखादं अ‍ॅप किंवा प्रोसेस बंद पडलेली असते. मिररिंगचं वेगळं अ‍ॅप वापरत असाल तर फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन त्याला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. लॅपटॉपकडेही बघा: डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी असते, ती टिक काढून टाका. काही लॅपटॉपवर हा टॅब दिसतच नाही.

हवेतल्या गर्दीवर वायफाय २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झवर नेणं हा पहिला उपाय. २.४ वर एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि तिथेच ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही नांदतात. पण ५ वरही एक मेख आहे. ५२ ते १४४ मधले चॅनेल रडारही वापरतात. रडारचा संकेत मिळाला की राउटरला तो चॅनेल सोडावाच लागतो, आणि अशाच दुसऱ्या चॅनेलवर गेला तर निदान ६० सेकंद कानोसा घेऊन मगच सुरू करता येतो. अधूनमधून फोन आणि लॅपटॉप दोघांचंही इंटरनेट एकदम जात असेल तर संशय इथे घ्या आणि राउटर ऑटोवरून काढून ३६ ते ४८ मध्ये बसवा. शिवाय दोन्ही उपकरणं वायफायवर असली की तोच डेटा हवेतून दोनदा जातो, फोन ते राउटर आणि राउटर ते लॅपटॉप. लॅन केबल इथेही कामाला येते. तेही जमत नसेल तर एससीआरसीपीवायचा बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) मुळातल्या ८ एमबीपीएसवरून ३-४ वर आणा. अक्षरं तेव्हाही नीट वाचता येतात.

व्हीपीएन चालू आहे का आणि एखादं उपकरण गेस्ट नेटवर्कवर आहे का, हे आधीच बघून टाका, कारण तसं असेल तर फोन आणि लॅपटॉप एकमेकांना सापडत नाहीत, असं होऊ शकतं. बँकेचं अ‍ॅप उघडल्यावर खिडकी काळी झाली तर ती बिघाडात मोजू नका, त्या अ‍ॅपनेच स्क्रीन दाखवायला मनाई केलेली असते.

घरच्या कामाला हे सगळं आता बिनघोर चालतं. बाहेरच्या अनोळखी वायफायवर मात्र डीबगिंग बंद ठेवतो, आणि चारजणांसमोर काही दाखवायचं असेल तर सरळ यूएसबी केबल लावतो. एससीआरसीपीवाय केबलवरही तसंच चालतं, उलट जास्त गुळगुळीत.