हुमेल बाहुल्या: घेण्याआधी उलट्या करून बघा

जर्मन पोर्सेलीन म्हणून सर्रास विकल्या जाणाऱ्या हुमेल बाहुल्या, म्हणजे लहान मुलांच्या छोट्या शोभेच्या मूर्ती, मुळात पोर्सेलीनच्या नाहीतच. हे एकदा डोक्यात बसलं की रंग असे मऊ का दिसतात, जुन्या नगांवर जाळी (केसासारख्या बारीक तडा) का पडते, धुताना जपायचं का, हे सगळं उलगडत जातं. मराठीत चहाच्या कपापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळीच चिनीमाती, त्यामुळे हा फरक सहसा लक्षात येत नाही. मायसेन या जर्मन कारखान्याची बाहुली खऱ्या पोर्सेलीनची असते: १४०० अंशांच्या आसपास भाजलेली, काचेसारखी घट्ट, पाण्याचा थेंबही न शोषणारी. गोबेल कारखान्याची हुमेल बारीक अर्दनवेअरची, म्हणजे कमी तापमानाला भाजलेल्या मातीची असते. ती भाजल्यावरही किंचित सच्छिद्रच राहते.

या बाहुल्या ज्यांवरून घडल्या ती चित्रं बेर्टा हुमेल यांची. जन्म १९०९, बव्हेरियातल्या मासिंग गावी. पुढे झीसेनच्या मठात त्या सिस्टर मारिया इनोसेंशिया झाल्या आणि १९४६ मध्ये क्षयाने गेल्या. कोबुर्गजवळच्या ओस्लाऊ (आजचं रोडेंटाल) इथल्या कारखान्याच्या फ्रान्झ गोबेल यांनी मठाची परवानगी घेऊन त्या चित्रांवरून बाहुल्या घडवल्या आणि १९३५ च्या लाइपझिग जत्रेत मांडल्या. युद्धानंतर जर्मनीत तळ ठोकून असलेल्या अमेरिकन सैनिकांनी त्या घरी नेल्या. म्हणून आज माल जर्मनीपेक्षा अमेरिकेत जास्त सापडतो. न्यू जर्सी किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी मंडळींना कुठल्याही एस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे) दोन-चार तरी दिसतील.

रंगकाम मात्र अव्वल. ‘ॲपल ट्री बॉय’ (क्रमांक १४२) हातात घ्या. झाडाच्या बेचक्यात बसलेला मुलगा, डोक्यावर टोपी. गालांची लाली कडेला विरत जाते, तिचा गोल ठिपका दिसत नाही. भुवई एका फटकाऱ्यात ओढलेली नसते, ती टोकाला बारीक होते. नकली मालात नेमकं इथेच पितळ उघडं पडतं: गाल शिक्का मारल्यासारखे, डोळे दोन काळे टिंब, झाडाच्या खोडाला एकच सपाट तपकिरी. अस्सल खोडावर दोन-तीन छटा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. मोठ्या, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटरच्या नगावर फांदीवर पक्षी असतो, १० सेंटिमीटरच्या छोट्यावर तो मुळातच नसतो. छोटा नग ‘पक्षी तुटलाय’ म्हणत कमी भावात मागणारे आणि देणारे दोघेही भेटतात.

आकार तळाच्या क्रमांकावरूनच कळतो. तिरक्या रेघेपुढे नुसतं शून्य असेल तर प्रमाण आकार. शून्याआधी ‘२/’ किंवा ‘३/’ असेल तर तितका लहान. रेघेपुढे रोमन आकडा असेल तर मोठा. म्हणजे १४२ ३/० हा छोटा, आणि १४२ पुढे रोमन एक असेल तो मोठा.

आता तळ नीट बघा. मुकुट आणि त्याखाली डब्ल्यू-जी अक्षरं असतील तर नग बहुधा १९३५ ते १९५० च्या दरम्यानचा. ‘यू. एस. झोन’ असा शिक्का असेल तर युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांतला. १९५० च्या सुमारास मधमाशी आली. हुमेल म्हणजे जर्मनमध्ये गुणगुणणारी जाडी मधमाशी, आणि सिस्टरच्या आठवणीसाठीच ती घेतली. आधी ती व्ही अक्षरात अंगासकट नीट काढलेली होती. १९५० चं दशक संपता संपता ती आकसून दोन त्रिकोणी पंख आणि मध्ये गोळा एवढीच उरली. १९६४ ते १९७२ या काळात तिच्या शेजारी तीन ओळींचा मजकूर दिसतो. १९७२ ते १९७९ मध्ये ‘गोबेल’ शब्दाच्या वर माशी, तर १९७९ ते १९९१ मध्ये माशी गायब, फक्त शब्द. १९९१ नंतर ‘डब्ल्यू. जर्मनी’ (पश्चिम जर्मनी) जाऊन नुसतं ‘जर्मनी’ आलं. २००० पासून माशी पुन्हा परतली आणि २००८ मध्ये गोबेलने हुमेलचं उत्पादन थांबवलं. चिन्हं बदलताना जुनी-नवी काही काळ एकत्र चालली, त्यामुळे एखाद-दोन वर्षांवरून विक्रेत्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

वाद घालायचा तो कोरलेल्या सालावरून. क्रमांकाच्या बाजूला कोरलेलं ‘१९५५’ किंवा तसं साल म्हणजे त्या नमुन्याच्या हक्कनोंदणीचं साल. नग त्याच वर्षी बनला असा त्याचा अर्थ नाही. १९८५ मध्ये बनलेल्या नगावरही ते तसंच असणार. ‘१९५५ ची दुर्मीळ हुमेल’ अशी जाहिरात दिसली की आधी शिक्का मागा. दुसरी खूण म्हणजे शिक्क्याला छेद देणारी घासलेली रेघ. तो दुय्यम माल, कारखान्यातल्या लोकांना विकलेला. घरात ठेवायला हरकत नाही, पण पूर्ण किंमत द्यायची नाही. बैठकीच्या कडेला ‘एम. आय. हुमेल’ ही सही मातीत दाबलेली असावी, नुसती रंगाने काढलेली नव्हे.

काखेत, पाठीवर किंवा खाली टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं तर घाबरू नका. पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओततात. साचा पाणी शोषतो, भिंतीला थर धरतो आणि उरलेली माती ओतून टाकतात. असे पोकळ भाग पातळ मातीनेच जोडतात. भट्टीत आतली हवा बाहेर पडायला वाट नसेल तर बाहुली फुटेल, म्हणून ते भोक ठेवलेलं असतं.

जाळीचं मात्र तसं नाही. सच्छिद्र माती वर्षानुवर्षं हवेतला ओलावा शोषून किंचित फुगते. वरची झिलई ताणली जात नाही, ती बारीक तडकते. जुन्या बरणीवर दिसणाऱ्या केसासारख्या रेघा, त्याच. मुकुट आणि पहिल्या मधमाशीच्या काळातल्या नगांवर हे जास्त आढळतं. तळाच्या आत थोडी जाळी असेल तर चालवून घ्या. चेहऱ्यावर तपकिरी पडलेली असेल तर सोडा, कारण मळ झिलईखाली शिरलेला असतो आणि तो निघत नाही.

तुटलं-जोडलं तपासायला माठ घेताना मारतो तशी हलकी टिचकी मारा. मायसेनसारखी खणखणीत घंटा वाजणार नाही, पण आवाज स्वच्छ असावा. ‘बद्द’ आला तर कुठेतरी तडा आहे. मग अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च फिरवा. नव्या रंगाने किंवा रेझिनने केलेली दुरुस्ती बहुधा आजूबाजूपेक्षा वेगळी चमकते. आधी टोकं बघा: छत्रीची कड, टोपीची किनार, पक्ष्याची चोच, बासरी, बोटं. डागडुजी बहुतेक वेळा इथेच सापडते.

धुताना नळाखाली धरू नये. आधी भोक मेणाच्या गोळीने बुजवा, नाहीतर पाणी आत जाऊन आठवडाभर झिरपत राहील. टबमध्ये टॉवेल अंथरा, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि मेकअपच्या मऊ ब्रशने पुसत जा. ब्लीच अजिबात नको, ते जाळीत शिरून बसतं. शोकेसमध्ये हॅलोजनचा दिवा नसावा. रोज तापणं आणि निवणं झिलईला सोसत नाही. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात बंद कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती दर महिन्याला बदलावी. अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये खोक्यात ठेवणं हा सगळ्यात वाईट प्रकार.

किमतीबद्दल थोडं कडवट बोलावं लागेल. १९७०-८० च्या दशकांत या बाहुल्यांचं वेड होतं, तेव्हा छापलेल्या दरपुस्तकांतले आकडे आज निरर्थक आहेत. नेहमीचे, १९७२ नंतरचे नग ऑनलाइन लिलावात वीस-तीस डॉलरला मिळतात. विक्रेत्याने मागितलेला भाव बघू नका, लिलावाच्या साइटवर ‘विकले गेले’ ही गाळणी लावून दिसणारा भाव बघा. गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर पैसे बँकेत ठेवा. घ्यायचीच असेल तर पूर्ण (अंगासकट काढलेल्या) मधमाशीच्या काळातली, चेहरा स्वच्छ, टोकं शाबूत अशी एकच घ्या. त्याच पैशात माशी नसलेल्या पाच येतील, पण रंगकामात पहिली उजवी वाटते.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून चार फोटो मागवावेत: तळ, पाठ, चेहरा जवळून आणि एक बाजूने तिरका उजेड टाकून काढलेला. चौथ्या फोटोत जाळी दिसते, म्हणूनच तो द्यायला टाळाटाळ होते. पॅकिंगही आधी ठरवून घ्यावं: आधी टिश्यू, त्यावर बबल रॅप, टोकांच्या आजूबाजूला कापूस, आणि खोक्यात खोकं, मध्ये सगळीकडून पाच सेंटिमीटर भरण.