सावाहलुंतोची खाण-सहल: खाण दाखवतात, घाट दाखवत नाहीत

इंडोनेशियात, पश्चिम सुमात्रातल्या पाडांग शहरातून सावाहलुंतोच्या जुन्या कोळसाखाणीची एक दिवसाची सहल मिळते. गाडी, इंग्रजी बोलणारा वाटाड्या, खाणीत उतरणं, दोन संग्रहालयं आणि संध्याकाळी परत. आम्ही दोघं नवराबायको एका स्थानिक सहल कंपनीकडून ती करून आलो. माझी सगळी नोकरी भूमिगत कोळसाखाणीत गेली, मायनिंग सरदारापासून ओव्हरमनपर्यंत, म्हणजे आतल्या माणसांवर आणि कामावर देखरेख ठेवण्यात. त्यामुळे ही जागा मी त्या नजरेने पाहिली आणि लिहितोही त्याच नजरेने.

आधी खाण. तिचं नाव लुबांग म्बाह सूरो. सूरो हा जावावरून आलेला मुकादम, कामगारांत मोठा मान असलेला माणूस. १८९८ मध्ये उघडलेली ही खाण पुढे पाणी झिरपत राहिल्याने बंद पडली आणि आता तिचा थोडा भाग पाहुण्यांसाठी साफ केला आहे. हेल्मेट आणि गमबूट देतात, एक स्थानिक मुलगा सोबत उतरतो. पायऱ्या उतरायला लागलं की दमट गारवा अंगावर येतो आणि दोन्ही बाजूंना कोळसाच दिसतो, खराखुरा. हात लावून पाहता येतो. चांगला चमकदार कोळसा आहे, तेव्हा इथे राज्य करणाऱ्या डचांचा जीव उगाच नाही त्याच्यावर आला. वरून पाणी टिपकत राहतं. ज्यांना बंद जागेचा त्रास होतो त्यांनी वरच थांबावं, पण ज्यांनी कधीच खाण पाहिली नाही त्यांनी ही जरूर पाहावी. इथे पुतळे मांडून खाणीचा देखावा केलेला नाही, तुम्ही खरोखर थरात उभे असता.

आत गेल्यावर माझी मान सवयीने वर गेली. आमच्या कामात शिफ्ट सुरू झाली की पहिलं काम छताचं. काठीने ठोकायचं आणि ऐकायचं. घट्ट छत खणखणीत वाजतं, सुटलेलं पोकळ बोलतं. पोकळ आवाज आला की माणसं मागे घ्यायची, आधार लावायचे, मगच पुढे. हे सगळं एका गोष्टीवर चालतं, ती म्हणजे आत असलेल्या माणसाला ‘मी पुढे जात नाही’ म्हणता आलं पाहिजे. सावाहलुंतोत कितीतरी माणसांना ते म्हणता येत नव्हतं. इथे मिनांगकाबाऊ, म्हणजे इथलेच स्थानिक लोक होते, जावाचे आणि चिनी करारी मजूर होते, आणि त्यांच्याबरोबर होते ओरांग रांताई, म्हणजे साखळदंडातले कैदी. डच सत्तेखालच्या वेगवेगळ्या बेटांवरून त्यांना साखळ्या घालून आणलं जाई. मेले तर कबरीवर नाव नाही, फक्त क्रमांक. खाणीला मुकादमाचं नाव आहे, कैद्याला आकडा. वाटाड्याने हे सांगितलं, आणि चांगलं सांगितलं, घाई न करता. त्याबद्दल त्याचे आभार.

पण माझी खरी तक्रार या सहलीच्या आखणीबद्दल आहे. तिच्यात खाण आहे आणि डोंगर नाही.

कोळसा सापडणं ही इथली सोपी गोष्ट होती. विल्लेम द ग्रेव्ह हा तरुण डच खाण-अभियंता १८६८ च्या सुमारास ओंबिलिन नदीच्या खोऱ्यात फिरला आणि सुमारे २० कोटी टन साठ्याचा अंदाज त्याने दिला. आगबोटींच्या काळात ही बातमी सोन्यापेक्षा कमी नव्हती. तरी या खोऱ्यात उत्पादन सुरू व्हायला १८९२ उजाडलं. मधली वीसहून अधिक वर्षं कशात गेली? माल बाहेर कुठून काढायचा, या एका प्रश्नात. खाण आणि पश्चिम किनारा यांच्यामध्ये बुकित बारिसानची डोंगररांग उभी आहे. पूर्वेकडे नदीमार्गाने नेता येईल का, हे पाहताना १८७२ मध्ये द ग्रेव्ह स्वतः क्वांतान नदीत बुडून मेला. क्लायसेनेर नावाच्या अभियंत्याने रेल्वेच्या मार्गाची मोजणी केली. रेल्वे आणि खाण खासगी कंपन्यांना द्यायची की सरकारने करायची, यावर तिकडे हॉलंडात वाद चालत राहिला. शेवटी सरकारने दोन्ही स्वतःच्या हातात घेतलं, कारण एवढा डोंगर ओलांडायचा खर्च काढून नफा दिसेल, असं गणित जुळायला जड होतं.

ते गणित पुढे कशाने जुळवलं, हे क्रमांकाच्या कबरींवर लिहिलेलं आहे. रूळ, पूल, बोगदे, यंत्रं, बंदर, सगळ्याला पैसा लागला होता. खाणीतला माणूस तेवढा स्वस्तात मिळवता येत होता. म्हणून मला वाटतं की या खाणीची गोष्ट खाणीच्या तोंडाशी सुरू करणं चूक आहे. ती घाटात सुरू करायला हवी.

आणि तो घाट बघण्यासारखा आहे! पाडांगजवळच्या एम्माहाफेन बंदरापासून (आताचं तेलुक बायूर) सावाहलुंतोपर्यंत सुमारे १५५ किलोमीटर रूळ टाकले. आनाई नदीच्या खिंडीतून पाडांग पांजांग या डोंगरातल्या गावाकडे चढताना चढ इतका आहे की साधी चाकं घसरतील, म्हणून दोन रुळांच्या मधोमध दात्यांचा तिसरा रूळ बसवला आणि इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकवून गाडी वर खेचली. आपल्याकडे नीलगिरीत हेच तत्त्व आहे, दात्यांची रचना वेगळी. १८९२ मध्ये रूळ खाणीजवळच्या मुआरो कालाबानपर्यंत पोचले. शेवटचा डोंगर फोडून लुबांग कालाम हा ८०० मीटरहून लांब बोगदा झाला तेव्हा कुठे, १८९४ च्या सुरुवातीला, गाडी सावाहलुंतोत शिरली.

२०१९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जे नोंदवलं त्यात खाणीबरोबर हा रेल्वेमार्ग आणि बंदरावरची कोळशाची कोठारंही आहेत. सहल मात्र पाडांगहून सीतिनजाऊ लाउईकच्या मोटार रस्त्याने सोलोकमार्गे जाते आणि त्याच वाटेने परत येते. रस्ता जवळचा आहे, वळणं जबरदस्त आहेत, दऱ्याही सुंदर. पण रेल्वेचा घाट पूर्णपणे चुकतो. आम्ही दुपारी चालकाला विनंती करून परतीला सिंकाराक सरोवराच्या काठाने आणि आनाईच्या खिंडीतून आलो. कुरकुर झाली, जादा पैसे द्यावे लागले, पाडांगला पोचेपर्यंत अंधार पडला. तरी हा बदल करूनच घ्या. सरोवराच्या कडेने जाणारे रूळ आणि धबधब्याजवळ दरीवर टांगल्यासारखे दिसणारे पूल पाहिल्याशिवाय या कोळशाची खरी किंमत कळत नाही.

वाटेत सिलुंगकांगला विणकामाच्या दुकानात बराच वेळ थांबवतात. सोंगकेटचं जरीचं विणकाम उत्तम आहे, बायकोने एक घेतलंही. पण याच सिलुंगकांगमध्ये जानेवारी १९२७ मध्ये डच सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि त्याची धग खाणकामगारांपर्यंत पोचली होती. त्याबद्दल गाडीत अवाक्षर नाही. खरेदीतली दहा मिनिटं कमी करून हे सांगितलं असतं तर मला जास्त आवडलं असतं.

संग्रहालयांपैकी गुदांग रानसूम अजिबात चुकवू नका. १९१८ मधलं हे सामुदायिक स्वयंपाकघर. कोळशावर बॉयलर, बॉयलरची वाफ, आणि त्या वाफेवर हजारो कामगारांचा भात. माणूस उभा राहील एवढी भांडी आहेत. माझी बायको शाळेतल्या पोषण आहाराचं काम बघायची. ती त्या भांड्यांसमोर माझ्यापेक्षा जास्त वेळ उभी होती. एवढ्या लोकांना वेळेवर जेवू घालणं म्हणजे काय, ते तिला ठाऊक आहे. शिफ्टच्या भोंग्याबरोबर अन्न तयार ठेवणं हीसुद्धा खाण चालवण्याचीच यंत्रणा होती. खाणीच्या तोंडाशी जे दिसत नाही ते इथे दिसतं: कामगार किती होते, आणि त्यांचं पोटही खाणीच्या हिशेबात कसं बांधलेलं होतं.

रेल्वे संग्रहालय छोटं आहे. ‘माक इताम’ हे वाफेचं इंजिन पाहाच, पण ते १९६६ मधलं, जर्मनीत एस्लिंगेनला बनलेलं आहे हे लक्षात ठेवा. डच काळातलं समजून लोक फोटो काढतात.

पैसे वसूल होतात का? खाण आणि स्वयंपाकघर यांसाठी नक्की होतात. लहान मुलं आणि गुडघेदुखीवाले यांनी पायऱ्यांचा विचार आधी करावा, आत पावलाखाली ओलं असतं. जमत असेल तर एक दिवसाची सहल घेऊच नका. सावाहलुंतोत एक रात्र राहा, गाडी स्वतंत्र ठरवा, जाताना आनाईची खिंड आणि सिंकाराकमार्गे जा, म्हणजे दात्यांचा घाट आधी दिसेल. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दी व्हायच्या आत, खाणीत उतरा. आणि परतीच्या वाटेवर तेलुक बायूर बंदराकडे गाडी वळवायला सांगा. कोळसा तिथे जहाजात भरला जायचा.