ग्रेसलँड: कुठे पैसे मोजावेत, कुठे मोजू नयेत

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातलं ग्रेसलँड म्हणजे रॉक-अँड-रोलचा गायक एल्विस प्रेस्ली याचं घर. त्याबद्दल दोनच मतं ऐकू येतात. जन्मात एकदा तरी जायलाच हवं, हे एक. शुद्ध लूट आहे, हे दुसरं. दोन्ही खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या जागांबद्दलची आहेत. एल्विस प्रेस्ली बुलेव्हार्डच्या पूर्वेला, जरा चढावर, पांढऱ्या खांबांचं घर आहे आणि घराच्या बाजूला एल्विसची कबर. रस्त्याच्या पश्चिमेला २०१७ मध्ये उघडलेलं दोन लाख चौरस फुटांचं संकुल आहे: प्रदर्शनं, दुकानं, खाण्याच्या जागा. तिकिटातला मोठा वाटा पश्चिमेकडे जातो आणि लोक येतात ते पूर्वेकडच्यासाठी. त्या पूर्वेकडच्यातही सगळ्यात मोलाचं जे आहे त्याला तिकीटच नाही.

आधी तिकिटाचं बघू. घर आणि संकुल मिळून साधं तिकीट प्रौढांना ८० डॉलरच्या आसपास पडतं. एल्विसची विमानं, स्वतंत्र रांग, सोबत मार्गदर्शक असं जोडत गेलात की आकडा २०० च्या पुढे सरकतो. गाडी लावायचे पैसे वेगळे. ७ जून १९८२ ला घर लोकांसाठी उघडलं तेव्हा तिकीट ५ डॉलर होतं. महागाई धरूनही ही उडी मोठीच आहे. साध्या तिकिटावर भागतं. महागडं तिकीट रांग वाचवतं, खोल्या वाढवत नाही. आणि वरचा मजला, जिथे १६ ऑगस्ट १९७७ ला एल्विसचा मृत्यू झाला, तो कितीही पैसे भरले तरी कोणाला दाखवत नाहीत. तिकीट ऑनलाइन, वेळ ठरवून काढावं आणि दिवसातली पहिली वेळ घ्यावी. खोल्या लहान, जिना अरुंद. दुपारी मागच्याचा रेटा असा येतो की थांबून काही बघता येत नाही.

घरात हातात टॅब्लेट आणि कानाला हेडफोन देतात. निवेदन जॉन स्टेमॉस या अभिनेत्याचं आहे. निवेदन आपल्या गतीने थांबवता येतं, ही सोय बहुतेक जण विसरतात आणि पडद्यात डोकं घालून खोल्यांमधून निघून जातात. आधी खोली बघा, मग बटण दाबा. फ्लॅश आणि व्हिडिओला आत मनाई आहे.

दिवाणखान्यातला १५ फुटी पांढरा सोफा आणि काचेतले मोर सगळ्यांच्या फोटोत असतात. खरी थांबायची जागा म्हणजे जंगल रूम. लाकडी कोरीव खुर्च्या बघून लोक हसतात आणि पुढे जातात. मान वर करा. जमिनीवर अंथरलेला हिरवा लोकरट गालिचा छतालाही ठोकलेला आहे. या गालिच्याने आवाजाचे पडसाद शोषले जातात. १९७६ मध्ये एल्विसला स्टुडिओत जायचा कंटाळा आला तेव्हा आरसीए या रेकॉर्ड कंपनीने ध्वनिमुद्रणाची गाडी घरामागे आणून उभी केली आणि फेब्रुवारी व ऑक्टोबर अशा दोन खेपांत याच खोलीत गाणी झाली. तळघरात तीन टीव्ही शेजारी शेजारी आहेत. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन तिन्ही वाहिन्यांच्या बातम्या एकदम बघतात हे कळल्यावर एल्विसने ते बसवले. घरामागे रॅकेटबॉलचं कोर्ट आहे. शेवटच्या पहाटे तो तिथल्या पियानोवर बसून गायला होता. तिथून चार पावलांवर मेडिटेशन गार्डन, म्हणजे कबरी. मार्गाची आखणी कोणी केली असेल त्याला दाद द्यायला हवी.

संकुलाबद्दल थोडक्यात. गाड्यांचं दालन चांगलं आहे, १९५५ ची गुलाबी कॅडिलॅक तिथेच. कपड्यांचं दालन त्याहून चांगलं. रंगमंचावरच्या जंपसूटवरची भरतकामाची घनता आणि खड्यांचं ओझं काचेपलीकडूनही जाणवतं. ‘लिसा मरी’ हे कॉन्वेअर ८८० विमान वेळ असेल तरच करा. प्रत्येक दालनाच्या तोंडाशी दुकान आहे आणि बहुतेक माल कपबशी-चावीसाखळी या जातीचा. घराला दीड तास, संकुलाला दोन, एवढा हिशेब पुरे.

आता फुकटचं. थँक्सगिव्हिंग आणि नाताळ सोडून जवळजवळ रोज सकाळी, घराची तिकिटं सुरू व्हायच्या आधी, तासभर कबरीपर्यंत चालत जाऊ देतात. साधारण साडेसात ते साडेआठ ही वेळ आहे, पण ऋतूप्रमाणे ती हलते; आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्यावं. सुरांच्या खुणा असलेल्या लोखंडी फाटकातून आत शिरायचं, वळणाचा रस्ता चढायचा, दर्शन घेऊन तसंच उतरायचं. शटल नाही, हेडफोन नाही, गर्दी तुरळक. ओळीने चार कबरी: आजी मिनी मे, एल्विस, वडील व्हर्नन, आई ग्लॅडिस. एल्विसच्या उशाशी काचेच्या आवरणात अखंड ज्योत. जन्मतःच गेलेल्या जुळ्या भावाची, जेसी गॅरनची, छोटी पाटीही शोधा. नातू बेंजामिन (२०२०) आणि मुलगी लिसा मरी (२०२३) याच बागेत आहेत. लिसा मरीसाठी जानेवारी २०२३ मध्ये समोरच्या हिरवळीवर जाहीर शोकसभा झाली तेव्हापासून नियमित येणारे तिच्यासाठीही वेगळं फूल आणतात.

ही दफनभूमी मुळात इथे नव्हती. १८ ऑगस्ट १९७७ ला एल्विसला फॉरेस्ट हिल दफनभूमीत आईजवळ ठेवलं होतं. तीन हजारांवर पुष्परचना आल्या होत्या आणि अंत्यविधीनंतर त्यातली फुलं चाहत्यांना वाटून टाकली. महिनाअखेरीस शवपेटी पळवण्याचा प्रयत्न झाल्याचं उघड झालं आणि २ ऑक्टोबरला मायलेकांना ग्रेसलँडच्या बागेत आणलं. चाहत्यांची वारी या बागेत येते ती तेव्हापासून.

फाटकाच्या दोन्ही अंगांना दगडी कुंपण आहे आणि त्यावर लिहायला आडकाठी नाही. पदपथावरून, कोणत्याही वेळी, विनातिकीट. पातळ टोकाचं पेन या खडबडीत दगडावर अडतं आणि शाई डागासारखी पसरते. जाड टोकाचा, रंगासारखी शाई असलेला मार्कर घ्या आणि दगडाचा सपाट चेहरा निवडा. दोन दगडांमधल्या सांध्यावर लिहू नका, तिथलं आधी उडतं. ऊन-पावसाने अक्षरं फिकी होतात आणि त्यावर पुढच्याचं येतं. देवनागरी अधूनमधून दिसली तर नवल मानू नका.

आणि १५ ऑगस्टची रात्र. ऑगस्टच्या मध्यावर आठवडाभर ‘एल्विस वीक’ चालतो. त्यात एल्विसची नक्कल करणाऱ्या गायकांची मोठी स्पर्धा असते (शम्मी कपूरच्या मानेच्या झटक्यांवर वाढलेल्यांना ती बिलकुल परकी वाटणार नाही). स्पर्धा चुकली तरी चालेल, पण पुण्यतिथीच्या आदल्या रात्रीची कँडललाइट व्हिजिल, म्हणजे मेणबत्त्या घेऊन कबरीपर्यंतची शोकफेरी, चुकवू नये. ती कोणा कंपनीने काढलेली नाही. १९७८ मध्ये, पहिल्या वर्षश्राद्धाला, चाहते आपणहून फाटकाशी जमले. त्या आठवड्यात मेम्फिसचे पोलीस संपावर होते आणि शहरात रात्रीची संचारबंदी होती, तरी लोक आले. ग्रेसलँड चालवणाऱ्या संस्थेने नंतर त्याला रीत दिली.

रीत अशी: घरासमोरचा रस्ता वाहनांना बंद होतो. साडेआठला फाटकाशी छोटा कार्यक्रम. कबरीवरच्या अखंड ज्योतीवरून पेटवलेली मशाल खाली आणतात, तिच्यावर लोक मेणबत्त्या लावतात आणि एकामागे एक चढ चढू लागतात. कडेला जगभरच्या फॅन क्लबांनी पाठवलेल्या पुष्परचना: गिटारी, टेडी बेअर, वीज आणि टीसीबी ही अक्षरं (‘टेकिंग केअर ऑफ बिझनेस’, एल्विसचं घोषवाक्य). आवाज खाली ठेवायचा असतो आणि लोक तो ठेवतात. कबरीपाशी क्षणभर थांबायचं, दुसऱ्या अंगाने उतरायचं. शेवटचा माणूस जाऊन येईपर्यंत रांग चालते, अनेकदा पहाटेपर्यंत.

इथे बिघडतं ते मेणबत्तीपाशी. मेम्फिसचा ऑगस्ट म्हणजे दिवसा ३३-३४ अंश आणि चिकट दमट हवा. उंच, बारीक मेणबत्ती गाडीत ठेवली तर संध्याकाळपर्यंत वाकते. जाड बुडाची, बोटभर उंचीची घ्या आणि कागदी पेल्याच्या तळाला चीर पाडून त्यातून वर काढा. पेला मेण झेलतो आणि वारा अडवतो. प्लॅस्टिकचा पेला नको, ज्योत खाली आली की तो वितळतो. वाढदिवसाच्या मेणबत्त्या तर मुळीच नकोत, चढाच्या मध्यावर संपतात. दोन न्या आणि दुसरी पहिली विझल्यावरच लावा. विझली तर शेजाऱ्याकडून पेटवून घ्यायची, ओळख लागत नाही. पुढच्याचे केस आणि नायलॉनचे कपडे सांभाळा. रांग अचानक थांबते.

वेळेचं गणित वेगळंच आहे. सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो. कार्यक्रम ऐकायचा असेल तर दुपारपासून जागा धरावी लागते, म्हणजे तापलेल्या डांबरावर चार-पाच तास. नुसतं कबरीपर्यंत जायचं असेल तर मध्यरात्रीनंतर या: रांग लहान, हवा उतरलेली, आणि पुढेमागे सगळे वर्षानुवर्षं येणारे. पंढरपुरात मुखदर्शनाची आणि पदस्पर्शाची रांग वेगळी असते. इथे एकच रांग दोन्ही काम करते, फक्त कोणत्या प्रहरी उभं राहायचं ते आपण ठरवायचं. वळवासारखं वादळ आलं तर छत्री उघडू नका, मागच्याला ज्योत दिसेनाशी होते. पातळ रेनकोट ठेवा. पाण्याची बाटली, बंद बूट, लहान पिशवी. मोठ्या पिशव्या तपासणीत अडकतात.

पैशांचा वाद या रात्रीलाही चुकला नाही. २०१७ मध्ये, ४० व्या वर्षी, कबरीपर्यंत जायला २८.७५ डॉलरचा मनगटपट्टा लावला तेव्हा जुने चाहते चिडले, आणि त्यांचं बरोबरच होतं. सुरक्षेवरचा खर्च खोटा नसेल, पण लोकांनीच सुरू केलेल्या शोकाला दर लावणं अंगावर येतं. म्हणून दरवर्षीची अट आधी वाचून मगच विमानाचं तिकीट काढा. ज्यांना हे घरच हातचं जाईल अशी भीती होती, त्यांना २०२४ मध्ये दिलासा मिळाला: बनावट कर्जाच्या कागदांवर ग्रेसलँडचा लिलाव मांडला गेला होता, तो न्यायालयाने रोखला.

खाण्यापिण्यात शाकाहारींनी जपावं. संकुलातल्या ग्लॅडिस डायनरमध्ये पीनट बटर-केळ्याचं तळलेलं सँडविच मिळतं. मागवताना ‘बेकन नको’ हे स्पष्ट सांगा आणि ते कशात तळतात तेही विचारा. दक्षिणेकडे घेवड्याच्या शेंगांच्या भाजीतही डुकराचं मांस घालायची पद्धत आहे, तेव्हा साइड डिश म्हणून भाजी मागवली की काम झालं असं समजू नका. सँडविच गरमच खावं. गार झालं की पीनट बटर टाळूला चिकटतं. दोघांत एक पुरतं.

मुक्कामाला जवळचं, ४५० खोल्यांचं गेस्ट हाऊस सोयीचं, पण एल्विस वीकमध्ये खोल्या फार आधी संपतात. विमानतळ जवळ असल्याने त्या बाजूची साधी हॉटेलं चालतात. शहराचा मध्यभाग मात्र पंधरा किलोमीटर उत्तरेला आहे आणि एल्विसची पहिली गाणी जिथे मुद्रित झाली तो सन स्टुडिओ तिकडेच, ७०६ युनियन अ‍ॅव्हेन्यूवर. दोन्ही एका दिवसात करायची तर सकाळी कबर, मग घर, दुपारनंतर स्टुडिओ. नॅशव्हिलहून गाडीने सुमारे तीन तास, अटलांटाहून सहा. तिथल्या मराठी मंडळींना शनिवार-रविवारमध्ये जमण्यासारखं आहे.

उन्हाचा त्रास होणाऱ्यांसाठी ८ जानेवारी, एल्विसचा वाढदिवस. हिरवळीवर केक कापतात, नाताळातले निळे दिवे अजून रस्त्याच्या कडेला लावलेले असतात आणि ऑगस्टच्या मानाने गर्दी कितीतरी कमी. थंडी मात्र शून्याच्या आसपास उतरू शकते. हातमोजे असे न्या ज्यांत बोटं मोकळी राहतील, नाहीतर कुंपणावर लिहिता येत नाही.