हॅवलॉक-नीलला जाताना खासगी क्रूझ की सरकारी बोट?

अंदमानची विमानाची तिकिटं काढून झाली की आमच्या सोलापुरातली मंडळी मला हाच प्रश्न विचारतात. आम्ही मागच्या जानेवारीत, सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा पाहून निघालो. आपल्याकडून चेन्नईला थेट गाडी आहे आणि तिथून विमान, त्यामुळे मुंबईला उलटं जावं लागलं नाही. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक हा टप्पा खासगी क्रूझने केला. पुढे हॅवलॉक ते नील आणि नीलहून परतीचा टप्पा सरकारी बोटीने. म्हणजे दोन्हींचा अनुभव घेतला, पण तो एकाच सहलीचा आहे, हे लक्षात ठेवून वाचा. (२०१८ पासून ही बेटं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली आहेत, २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम झालं. तिकिटावर नवी नावं दिसली तर गोंधळू नका.)

खासगी क्रूझची सोय मोठी आहे. सोलापुरात घरी बसून महिनाभर आधी जागा पक्की झाली. हॅवलॉकला दीड तासाच्या आसपास पोचलो, सरकारी बोटीला अडीच तास तरी धरावे लागतात. गाद्यांच्या खुर्च्या, एसी, सगळं नीटनेटकं.

पण बोट सुटली आणि सगळ्यांना जागेवर बसून राहायला सांगितलं. बाहेर डेकवर जाता येणार नव्हतं. खिडकीची काच खाऱ्या पाण्याच्या तुषारांनी पांढुरकी झालेली. माझी आई ७२ वर्षांची. तुळजापूरच्या घाटात तिला कधी एसटी लागली नाही, पण अर्ध्या तासात तिला बोट लागली. डोळ्यांना समोरची खुर्ची स्थिर दिसते आणि कानाच्या आतला तोल म्हणतो आपण हलतोय. या विसंगतीनेच मळमळतं. लांबचं क्षितिज दिसत राहिलं की बराच आराम पडतो, आणि नेमकं तेच तिथे दिसत नव्हतं. उरलेला वेळ ती डोळे मिटून, पिशवी हातात धरून बसली होती. मला तिचं फार वाईट वाटलं. ज्या गावात पाणी चार-पाच दिवसांनी येतं तिथून ती समुद्र बघायला आली होती, आणि पहिल्याच प्रवासात तिला पाण्याचा थेंब दिसला नाही. सगळ्याच खासगी बोटी अशा नसतात, काहींना उघडा डेक असतो. तिकीट काढण्याआधी तेवढं विचारून घ्या.

सरकारी बोट हळू चालते, आतल्या खुर्च्या साध्या, पण डेकवर जाता येतं. आई कठड्याजवळच्या बाकावर बसली, अंगावर घरची चादर घेतली आणि पूर्ण प्रवासात एकदाही गोळी मागितली नाही. उडणारे मासे तिनेच आधी पाहिले. पाण्यातून चिमण्यांचा थवा उठावा तसे निघतात आणि बरंच अंतर तरंगत जाऊन पुन्हा बुडतात. शेजारी नीलला भाजीचे मळे असलेलं कुटुंब होतं. त्यांना आम्ही भाकरी आणि शेंगाचटणी दिली, त्यांनी आम्हाला शहाळं. तिकीटही काही शे रुपयांतलं, खासगीचं हजाराच्या पुढे जातं.

अडचण तिकिटाची आहे. ते प्रवासाच्या थोडेच दिवस आधी मिळतं, आणि बेटावरच्या रहिवाशांना प्राधान्य असतं. ते योग्यच आहे, त्यांची ती रोजची एसटी आहे. म्हणून ज्यांचा कार्यक्रम तासावर बांधलेला आहे किंवा सोबत अगदी लहान बाळ आहे, त्यांनी खासगीच घ्यावी असं मी म्हणेन.

माझ्यावर सोपवलंत, तर निदान हॅवलॉक-नील हा तासाभराचा टप्पा सरकारी बोटीने करा. तिकीट नाहीच मिळालं, तर ऐनवेळी खासगीत जागा मिळते का ते बघता येतं. आई-वडील सोबत असतील तर उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास द्या, बोटीत चढल्यावर उपयोग कमी. आणि परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. समुद्र खवळला की सरकारी आणि खासगी, दोन्ही बोटी थांबवतात.